अँटनी बीवर यांचे युद्धेतिहास : मृतांचा हिशोब नेमका कुठे मिटतो?

रामबागेतला वाचक (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्या इथल्या वाचकगटाने यंदा ब्रिटिश युद्धेतिहासकार अँटनी बीवर यांची पुस्तके ओळीने वाचायला घेतली. 'स्टालिनग्राड' (१९९८), 'बर्लिन : द डाउनफॉल १९४५' (२००२) आणि 'डी-डे' (२००९) वाचून झाली असून 'द सेकंड वर्ल्ड वॉर' (२०१२) हा जाडजूड ग्रंथ सध्या चालू आहे. बैठकीत जे मतभेद झाले ते तिथेच विरून जाऊ नयेत आणि महूची माहितगार मंडळीही या संकेतस्थळावर आहेत, म्हणून हा धागा काढतो आहे.

बीवर हे नाव काढले की लोकांना गल्लीबोळांतली, कारखान्यांच्या ढिगाऱ्यांतली लढाई आठवते. ती वर्णने उत्तम आहेत, यात वाद नाही. परंतु माझ्या मते त्यांचे खरे बळ लढाईच्या पानांत नसून लढाई थांबल्यानंतरच्या, किंवा लढाईच्या आडोशाला चाललेल्या, गोष्टी सांगणाऱ्या पानांत आहे. स्टालिनग्राडला जर्मन सेनापती फील्ड मार्शल पाउलुस ३१ जानेवारी १९४३ रोजी शरण आला आणि २ फेब्रुवारीला उरलेल्या जर्मन तुकड्यांनी शस्त्रे खाली ठेवली. बहुतेक ग्रंथ तिथे प्रकरण संपवतात. बीवर मात्र कैद्यांच्या मागोमाग चालत राहतात. सुमारे ९१,००० सैनिक कैद झाले. आधीच उपासमारीने खंगलेली ही माणसे टायफस, थंडी आणि पायपीट यांनी अशी काही गळाली की वसंत ऋतू येईपर्यंत जवळपास निम्मी मेली होती. जर्मनीत परतले ते जेमतेम ५,०००, आणि त्यांतले शेवटचे तर १९५५ साली, पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर मॉस्कोला जाऊन आल्यानंतर. म्हणजे ज्या लढाईला आपण पाच-साडेपाच महिन्यांची म्हणतो, ती काही घरांमध्ये तेरा वर्षे चालू होती.

दुसरी एक नोंद मला अधिक अस्वस्थ करून गेली. लढाई संपल्यावर त्या उद्ध्वस्त शहरात जे नागरिक जिवंत सापडले त्यांची मोजदाद झाली. बीवर आकडा देतात ९,७९६. त्यांत ९९४ मुले होती आणि त्यांपैकी आईवडिलांची पुन्हा गाठ पडली ती फक्त नऊ मुलांची. हा आकडा ते एका वाक्यात देतात, त्यावर भाष्य करत नाहीत आणि पुढे जातात. त्यांच्या लेखनातला हा संयम मला फार मोलाचा वाटतो, कारण मराठीतल्या युद्धविषयक लेखनात नेमक्या अशा जागी लेखकाचा कंठ दाटून येतो आणि आकडा बाजूला राहतो.

वेढ्यात अडकलेल्या पाउलुसच्या सहाव्या सेनेविषयीचा एक प्रसंग असाच आहे. डिसेंबर १९४२ मध्ये जखम नाही, ओळखू येईल असा रोग नाही, तरी सैनिक बसल्या जागी मरू लागले, तेव्हा कारण शोधण्यासाठी एका शवविच्छेदन-तज्ज्ञाला विमानाने वेढ्यात उतरवण्यात आले. गोठलेली प्रेते आधी शेगडीपाशी ठेवून मऊ करावी लागत, मग विच्छेदन. अंगावरची चरबी संपलेली, हृदयात बदल झालेले. निष्कर्ष उघड होता, परंतु 'उपासमार' हा शब्द वरच्या कागदपत्रांत कोणालाच नको होता, कारण हवाईमार्गे रसद पुरेशी पोहोचते आहे असे बर्लिनला सांगून झाले होते. सैन्याला रोज किमान ३०० टन रसद लागत होती आणि प्रत्यक्षात सरासरी शंभर टनांच्या आसपासच येत होती. त्या डॉक्टरच्या टेबलावर नकाशावरची चूक माणसाच्या शरीरात उतरलेली दिसते.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे : युद्धाची मानवी किंमत मोजताना इतिहासकाराने हिशोबाची वही नेमकी कधी मिटावी? आणि बीवर ज्या रीतीने ती उघडी ठेवतात, ती रीत आपल्या युद्धांना कोणी लावली आहे काय?

महू छावणी

धागा वाचला. मी पायदळातून कर्नल म्हणून निवृत्त झालो असून महूला स्थायिक आहे. बीवर स्वतः ब्रिटिश लष्करात हुसार्स रेजिमेंटमध्ये अधिकारी होते आणि सँडहर्स्टला जॉन कीगन हे त्यांचे शिक्षक होते, ही गोष्ट इथे सांगायला हवी. कीगन यांच्या 'द फेस ऑफ बॅटल' (१९७६) या पुस्तकाने लढाईकडे सेनापतीच्या टेकडीवरून नव्हे, तर रांगेतल्या शिपायाच्या उंचीवरून पाहण्याची दृष्टी दिली. गंमत म्हणजे लहानपणच्या हाडांच्या क्षयामुळे कीगन यांना लष्करात जाता आले नव्हते, आणि आपण लढाई पाहिलेली नाही हे ते पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकतात. सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, ब्रिटिशांचे ५७,४७० लोक कामी आले वा जायबंदी झाले आणि त्यांत १९,२४० मृत होते. हा आकडा आम्ही सगळ्यांनी प्रशिक्षणात पाठ केलेला असतो. परंतु काटेरी तारांपाशी पोहोचलेल्या माणसाला त्या क्षणी काय दिसत होते, किती ऐकू येत होते, हे विचारावे असे कीगन वाचल्यानंतरच सुचते.

आता मतभेद. वाचकसाहेब, मानवी किंमत मांडणाऱ्या लेखनात एक धोका असतो. दुःख इतके जवळून दिसते की निर्णयामागचे कारण धूसर होते. पाउलुसच्या सैन्याने जानेवारीपर्यंत तग धरला तो निव्वळ हिटलरच्या हट्टापायी, असे वाचकाला वाटू लागते. जर्मन फील्ड मार्शल मानश्टाइनची बाजू अशी होती की त्या वेढ्यापाशी सोव्हिएत सेना अडकून पडल्या म्हणूनच काॅकेशसमध्ये उतरलेल्या जर्मन सेनागटाला मागे येता आले. मानश्टाइनने युद्धानंतर स्वतःची कातडी वाचवण्यासाठीही पुष्कळ लिहिले, हे मला ठाऊक आहे. तरीही प्रश्न उरतोच : एका सेनेचा बळी देऊन दुसरी वाचवणे हा क्रूर असला तरी लष्करी हिशोब आहे, आणि तो हिशोब वाचकासमोर पूर्ण मांडल्याशिवाय किंमत जास्त होती की कमी, हे ठरवायचे कशाच्या आधारावर?

स्नेहलतागंज

कर्नलसाहेबांचा मुद्दा मान्य करूनही 'बर्लिन' या पुस्तकाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तिथे कोणताही लष्करी हिशोब लागू पडत नाही. मी बरीच वर्षे इतिहास शिकवला आणि दुसरे महायुद्ध शिकवताना १९४५ च्या वसंतात बर्लिनच्या स्त्रियांवर काय ओढवले, हे आमच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हते. शहरातल्या दोन मुख्य रुग्णालयांचे अंदाज बीवर देतात : बलात्कार झालेल्या स्त्रियांची संख्या ९५,००० ते १,३०,०००. हे अंदाजच आहेत आणि त्यांवर अभ्यासकांचे वाद आहेत. अशा गुन्ह्यांची नोंद होतच नाही, त्यामुळे कोणताही आकडा अंदाजच राहणार.

परंतु या पुस्तकाचे मोल आकड्यात नाही. लाल सेनेने हे सूडापोटी केले, जर्मनांनी रशियात जे केले त्याची ही परतफेड होती, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. बीवर यांनी रशियन दप्तरांतले सोव्हिएत अधिकाऱ्यांचेच अहवाल काढून दाखवले की, जर्मनांनी वेठबिगारीसाठी पळवून नेलेल्या आणि आता 'मुक्त' झालेल्या रशियन, युक्रेनियन मुलींवरही त्याच सैनिकांनी अत्याचार केले. या मुलींच्या बाबतीत कसला सूड? एवढ्या एका पुराव्याने ते सोयीचे स्पष्टीकरण ढासळते. पुस्तक निघाल्यावर लंडनमधल्या रशियन राजदूतांनी त्याचा कडक शब्दांत निषेध केला होता.

बर्लिनमधल्याच एका स्त्रीने त्या दिवसांत लिहिलेली रोजनिशी निनावी प्रसिद्ध झाली आहे आणि तिच्या नव्या इंग्रजी आवृत्तीला बीवर यांची प्रस्तावना आहे. १९५० च्या दशकात ती जर्मन भाषेत निघाली तेव्हा जर्मन वाचकांनीच तिच्यावर राळ उडवली. आपल्या पुरुषांची अब्रू जाते म्हणून! पुढे लेखिकेने हयात असेपर्यंत ती पुन्हा छापू दिली नाही. वाचकदादांनी विचारले आहे की वही कधी मिटावी. या बाबतीत वही उघडूच दिली गेली नव्हती, आणि त्यात जेते व पराभूत यांचे एकमत होते.

नदीकाठ (पुणे)

चर्चा चांगली चालली आहे. थोडे विरजण घालतो. बीवर यांची पद्धत पत्रे, रोजनिश्या आणि आठवणी यांतून वेचलेल्या प्रसंगांवर उभी आहे. प्रसंग जितका चटकदार तितका तो तपासून घेणे आवश्यक असते. 'द सेकंड वर्ल्ड वॉर'ची सुरुवात आठवा. यांग क्योंगजोंग नावाचा कोरियन तरुण जपान्यांनी सक्तीने भरती केला, मग सोव्हिएतांनी पकडून आपल्या बाजूने लढवला, मग जर्मनांनी, आणि शेवटी नॉर्मंडीत तो अमेरिकनांच्या हाती लागला. सामान्य माणसाची युद्धातली अगतिकता दाखवायला याहून चांगली कथा सापडणार नाही, आणि तिथेच मला शंका येते. त्या कथेमागचा पुरावा फार तोकडा आहे. कोरियात त्यावर माहितीपट काढणाऱ्यांनाही ठोस कागद मिळाला नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथाचा दरवाजाच असा डळमळीत असावा, हे मला खटकते.

रामबागेतला वाचक (इंदूर)

नदीकाठ, यांगविषयीचा आक्षेप रास्त आहे. मात्र 'स्टालिनग्राड' आणि 'बर्लिन' या दोन पुस्तकांना तो त्याच जोराने लागू होत नाही. ती १९९० च्या दशकात मॉस्कोजवळच्या पोदोल्स्कमधले लष्करी दप्तर परदेशी अभ्यासकांना काही काळ खुले झाले होते त्या काळातली आहेत आणि त्यांचा कणा म्हणजे तिथले अहवाल. ते दार पुढे बंद झाले. २०१५ मध्ये रशियाच्या स्वेर्दलोव्स्क प्रांतात बीवर यांची पुस्तके शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतून काढण्याचे आदेश निघाले. २०१८ मध्ये युक्रेनने 'स्टालिनग्राड'च्या रशियन आवृत्तीच्या आयातीवर बंदी घातली. आक्षेप होता १९४१ मध्ये ज्यू मुलांच्या हत्येत युक्रेनियन मदतनीसांचा हात असल्याच्या उल्लेखाला. एकाच लेखकावर दोन्ही बाजूंनी नाराज व्हावे, ही त्याच्या निःपक्षपातीपणाची पावती आहे असे मी म्हणणार नाही. दोघेही खोटे रागावू शकतात किंवा दोघेही खरे. परंतु मृतांविषयीचे लेखन सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतरही सरकारांना टोचते, एवढे त्यावरून दिसते.

कर्नलसाहेब, आपल्या प्रश्नाचे उत्तर 'डी-डे'मध्ये काही अंशी मिळते. नॉर्मंडीच्या मोहिमेत सुमारे वीस हजार फ्रेंच नागरिक मेले, त्यांतले बहुतेक दोस्तांच्याच बॉम्बफेकीत. बीवर तिथे लष्करी कारण मांडतात आणि मग काँ शहरावरच्या बॉम्बहल्ल्याने रस्ते ढिगाऱ्यांनी बुजून आक्रमण करणाऱ्यांचीच वाट कशी अडली, हेही दाखवतात. म्हणजे हिशोब ते टाळत नाहीत. तो हिशोबच चुकला होता असे म्हणतात.

आता माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणीतरी वळावे, ही विनंती.

महू छावणी

वळतो. भारताच्या बाबतीत या धाटणीच्या सर्वांत जवळ येणारे लेखक म्हणजे श्रीनाथ राघवन. तेही आधी पायदळात, राजपुताना रायफल्समध्ये, अधिकारी होते. 'इंडियाज वॉर' (२०१६) या त्यांच्या पुस्तकात लढाया आहेतच, परंतु भरती, अन्नधान्य, महागाई, कारखाने आणि राजकारण यांना तेवढीच जागा आहे. १९३९ मध्ये दोन लाखांच्या आसपास असलेले सैन्य १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेले. हे सैनिक अमुक एका जातीचे 'लढवय्ये' होते म्हणून आले नाहीत. पुष्कळ जण घरी पोट भरत नव्हते म्हणून आले.

त्या युद्धात सुमारे ८७,००० भारतीय सैनिक मेले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात मात्र अधिकृत चौकशी आयोगाच्या मते पंधरा लाख आणि नंतरच्या अभ्यासकांच्या मते तीस लाखांपर्यंत माणसे गेली. जपानी येतील म्हणून १९४२ मध्ये किनारपट्टीच्या जिल्ह्यांतल्या होड्या सरकारने ताब्यात घेतल्या किंवा मोडल्या, त्यामुळे कोळ्यांचा धंदा आणि धान्याची ने-आण दोन्ही बसली. त्यात ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, चक्रीवादळ आले आणि भाव हाताबाहेर गेले. आता सांगा, या मृतांना कोणत्या युद्धाच्या यादीत घालायचे? कोणत्याही युद्धस्मारकावर ते नाहीत. या बाबतीत मी वाचकसाहेबांच्या बाजूने आहे.

स्नेहलतागंज

मराठी माणसाच्या दृष्टीने सर्वांत दुखरे प्रकरण मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुत-अल-अमाराचे आहे, आणि त्याविषयी आपल्याकडे जवळपास शांतता आहे. तिथे वेढ्यात सापडलेली डिव्हिजनच मुळी सहावी पूना डिव्हिजन होती आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला. वेढा फोडायला आलेल्या फौजांचे सुमारे तेवीस हजार लोक मेले वा जखमी झाले आणि तरी शेवटी तेराएक हजारांना शरण जावे लागले.

घोड्याचे मांस खाण्यास हिंदी शिपायांनी कितीतरी दिवस नकार दिला. हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांकडून परवानगी मागवली गेली, ती आलीही; पण गावी परतल्यावर पंगतीत कोण बसवून घेईल, मुलींची लग्ने कशी होतील, ही भीती त्या परवानगीने जाईना. तोवर स्कर्व्हीने माणसे कोसळू लागली होती. शरणागतीनंतर शिपायांना वाळवंटातून चालवत नेऊन बगदाद रेल्वेच्या कामावर रास-अल-ऐनकडे जुंपले, तर त्यांचा सेनापती जनरल टाउनशेंड मात्र कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर आरामात राहिला. बीवर यांच्या स्टालिनग्राडमधल्या कैद्यांची कथा वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सतत हेच येत होते.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे शेहेचाळीस जण पहिल्या महायुद्धात गेले, तिथे स्मारक आहे. दख्खन-कोकणातल्या इतर कितीतरी गावांत इंग्रजांनी बसवलेली लहान शिळा सापडते. तिच्यावर गावातून किती गेले आणि किती परतले नाहीत, एवढे दोनच आकडे असतात. नावे नसतात.

छत्रीबाग

एक गोष्ट राहून जाते आहे. महू ही बाबासाहेबांची जन्मभूमी, कारण त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ तिथल्या लष्करी शाळेत शिक्षक होते. ज्या समाजाला लष्कराने शिक्षण आणि मान दिला, त्याच समाजाची भरती 'लढवय्या जाती'च्या सिद्धांतापायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली. माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. पुन्हा गरज पडली तेव्हा, १९४१ मध्ये, महार रेजिमेंट. ज्याला युद्धात घेतले आणि शांतता होताच घरी बसवले, त्याची पेन्शन, त्याचा दर्जा, गावात परतल्यावर पुन्हा वेशीबाहेरच राहणे, हे कोणत्या रकान्यात मांडायचे? बीवर यांच्या चौकटीत हा रकाना नाही. युरोपातल्या सैन्यांना तो लागत नाही, म्हणून त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु आपल्याकडे लिहिणाऱ्याला तो आखावाच लागेल.

नदीकाठ (पुणे)

छत्रीबाग यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. मराठीत पलटणींचे इतिहास आहेत, परमवीरांची चरित्रे आहेत. इटलीत १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेल्या यशवंत घाडगे यांचा माणगावला पुतळाही आहे. परंतु पलटण मोडल्यावर शिपायाचे काय झाले, हे शोधायचे तर जिल्ह्याच्या महसुली दप्तरात, सैनिक कल्याण कार्यालयांच्या जुन्या फायलींत आणि गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींत बसावे लागेल. बीवर पोदोल्स्कला बसले तसे.

एक शंका विचारून ठेवतो. स्टालिनग्राडच्या वेढ्यात नेमकी किती माणसे अडकली होती, यावर 'स्टालिनग्राड'मध्ये स्वतंत्र परिशिष्ट आहे. सैन्याची स्वतःची संख्या सैन्याला माहीत नसावी, हे कसे?

रामबागेतला वाचक (इंदूर)

नदीकाठ, कारण मोजणाऱ्याने कोणाला माणूस धरायचे यावर ती संख्या अवलंबून होती. जर्मन सैनिक, त्यांच्याबरोबरचे रुमानियन, आणि त्यांखेरीज 'हिवी' म्हणजे जर्मनांच्या चाकरीत राहिलेले सोव्हिएत कैदी व पळून आलेले शिपाई, अशी सगळी सरमिसळ त्या वेढ्यात होती. वेढा पडण्यापूर्वी सहाव्या सेनेतल्या हिवींची संख्याच पन्नास हजारांच्या वर होती असे बीवर म्हणतात. शिधा वाटताना त्यांना मोजावे लागे, पण लढणाऱ्यांच्या पटावर ते नसत, त्यामुळे एकाच सेनेचे दोन कागद दोन वेगळे आकडे सांगतात. जर्मन शरण गेले तेव्हा त्यांना युद्धकैदी म्हणून का होईना, कोणीतरी नोंदवले. हिवी सोव्हिएतांच्या लेखी देशद्रोही होते आणि जर्मनांच्या लेखी कामगार, म्हणून त्यांचे पुढे काय झाले याची धड नोंद दोन्हीकडे नाही. परिशिष्टातला फरक मुख्यतः त्यांचाच आहे.

छत्रीबाग, १११ व्या पलटणीविषयी आपल्याकडे घरगुती कागद, डिस्चार्ज सर्टिफिकेट किंवा पदके असतील, तर त्यांचे फोटो या धाग्यावर टाकावेत. कर्नलसाहेब ते वाचून देतील.